फिटच्या ऑपरेशनआधीचे मेंदूचे स्कॅन: कुठला आधी, कुठला नंतर, आणि सगळे एकमेकांवर कसे बसवायचे

फाईल चांगली जाड असते. तीन एमआरआय, दोन ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद), एक पेट, कुणाच्या फाईलमध्ये स्पेक्टसुद्धा, आणि तरी एपिलेप्सी (फिटचा आजार) सेंटरचे डॉक्टर म्हणतात की एमआरआय परत काढावा लागेल. घरचे वैतागतात, आणि वैतागणारच, कारण पैसे गेलेले, रजा संपलेल्या, आणि वाटतं की आपल्याला उगाच फिरवतायत. सगळे डॉक्टर एकत्र बसून एकेका पेशंटचा विचार करतात त्या केस मीटिंगसाठी मी हे सगळे स्कॅन एकमेकांवर बसवून द्यायचं काम करते, आणि सारखं दिसतं ते हेच की टेस्ट कमी पडलेल्या नसतात, त्या एकमेकींशी जुळतील अशा केलेल्या नसतात. कुणाच्या एमआरआयच्या स्लाइस जाड, कुणाची सीडी उघडत नाही, कुणाचा पेट फिट येऊन गेल्या गेल्या केलेला आणि ते कुठे लिहिलेलंच नाही.

हे सगळं फक्त त्या पेशंटसाठी, ज्यांच्या फिट दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये नीट घेऊनही थांबल्या नाहीत आणि ज्यांना ऑपरेशनसाठी तपासून घ्या म्हणून सांगितलंय. एपिलेप्सीच्या साधारण तीनातल्या एका पेशंटची ही गत असते. ज्यांना पहिलीच फिट आलीय त्यांना यातलं बरंचसं लागतच नाही, त्यांनी पेटच्या मागे लागू नये.

## आधी एवढं डोक्यात पक्कं करा

प्रत्येक टेस्टचा प्रश्न वेगळा आहे. एमआरआय सांगतो की मेंदूच्या रचनेत कुठे काही बिघाड दिसतोय का. व्हिडिओ ईईजी सांगतो की फिट सुरू होताना विजेची गडबड कुठल्या बाजूला आधी होते. पेटमध्ये कळतं की मेंदूचा कुठला भाग एरवी साखर कमी वापरतोय. फिट चालू असताना इंजेक्शन देऊन केलेला स्पेक्ट दाखवतो की त्या क्षणी रक्त कुठे जास्त धावलं. फंक्शनल एमआरआयला आजाराशी फारसं देणंघेणं नाही, तो बोलणं आणि हातपाय हलवणं कुठून चालतं ते दाखवतो, म्हणजे कशाला हात लावायचा नाही ते.

एकटी कुठलीच टेस्ट "इथे कापा" असं सांगत नाही. म्हणून सगळं एका चांगल्या थ्रीडी एमआरआयवर चढवतात, जसं मोजणीच्या नकाशावर विहीर, बांध, पाइपलाइन सगळं एकाच मापात दाखवतात तसं. खालचा नकाशाच वाकडा असेल तर वरचं कितीही महाग असलं तरी चुकीच्या जागी बसणार.

## टप्पा १: स्कॅनच्या आधी फिटची नीट माहिती गोळा करा

हा टप्पा फुकटचा आहे आणि म्हणूनच सगळे वगळतात. "पोरगा थरथरतो आणि पडतो" एवढ्या माहितीवर कुठला स्कॅन मागवायचा हे ठरत नाही. मोबाईलवर व्हिडिओ काढा, पण असा:

1. लाईट लावा, पांघरूण बाजूला करा, चेहरा आणि दोन्ही हात फ्रेममध्ये येऊ द्या.
2. मध्येच कट करू नका. फिट संपल्यावरसुद्धा दोन-तीन मिनिटं चालू ठेवा.
3. चालू असताना नाव विचारा, हात वर कर म्हणा, एखादा शब्द लक्षात ठेवायला सांगा आणि शुद्धीवर आल्यावर तो विचारा.
4. कुठला हात ताठ झाला, मान कुठे वळली, कपड्याशी चाळा कुठल्या हाताने केला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. फिटनंतर बोलायला किती वेळाने यायला लागलं हेही.

फिट संपल्यावर पेशंटला समजतंय पण शब्द सापडत नाहीत असं बराच वेळ होत असेल तर बोलण्याचा भाग ज्या बाजूला आहे तिकडे संशय जातो. डॉक्टरांसाठी हा व्हिडिओ जुन्या तीन रिपोर्टांपेक्षा जास्त कामाचा असू शकतो.

थांबा: व्हिडिओच्या नादात पेशंटला एकटं सोडू नका. एकाने पेशंटला सांभाळायचं: दाबून धरायचं नाही, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. दुसऱ्याने शूट करायचं. घरात एकच माणूस असेल तर व्हिडिओ राहू द्या. फिट पाच मिनिटांवर गेली किंवा एकामागून एक यायला लागल्या तर शूटिंग सोडा आणि डॉक्टरांनी दिलेलं इमर्जन्सी औषध द्या, हॉस्पिटल गाठा.

## टप्पा २: व्हिडिओ ईईजी

अर्ध्या तासाचा साधा ईईजी आणि व्हिडिओ ईईजी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हिडिओ ईईजीत काही दिवस ॲडमिट करून, कॅमेरा आणि डोक्यावरच्या तारा दोन्ही चालू ठेवून, फिट प्रत्यक्ष येईपर्यंत थांबतात. ऑपरेशनच्या तपासणीत हीच टेस्ट बाकीच्यांना दिशा देते.

तयारी साधी आहे. आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवा आणि तेल लावू नका. आजी हमखास "डोकं शांत राहील" म्हणून तेल चोपडते आणि मग इलेक्ट्रोड चिकटत नाहीत, टेक्निशियन तासभर घासत बसतो. पुढे बटण असलेला शर्ट घाला, डोक्यातून काढायचा टीशर्ट नको, कारण एकदा तारा लागल्या की काढता येत नाही.

सोबत राहणाऱ्याने तीन गोष्टी करायच्या. फिट सुरू होतेय असं वाटलं की बटण दाबायचं, कॅमेऱ्याच्या आणि पेशंटच्या मध्ये उभं राहायचं नाही, आणि पेशंट कॅमेऱ्याच्या बाहेर जाऊन बसत असेल तर परत आणायचं. नातेवाईकाची पाठ दिसते आणि पेशंट दिसत नाही अशी रेकॉर्डिंग ढिगाने असतात.

थांबा: फिट लवकर यावी म्हणून औषध कमी करतात, ते फक्त वॉर्डमध्ये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ॲडमिट व्हायच्या आधी घरी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. एकामागून एक फिट लागून जीवावर बेतू शकतं.

तपासा: रिपोर्टमध्ये फिट प्रत्यक्ष पकडल्या गेल्या का, किती, आणि नेहमीसारख्याच होत्या का? "दोन फिटच्या मधले स्पाइक (ईईजीवरची टोकदार रेघ) दिसले" एवढंच असेल तर काम अर्धं झालंय.

## टप्पा ३: एमआरआय, पण एपिलेप्सी प्रोटोकॉलचा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबते.

साधा "ब्रेन एमआरआय" सांगितला की बऱ्याच सेंटरवर ५ मिलिमीटर जाडीच्या स्लाइस काढतात, मध्ये थोडी फट सोडून. गाठ किंवा स्ट्रोक शोधायला ते पुरतं. एपिलेप्सीत जे शोधायचं असतं ते कधीकधी एका सुरकुतीच्या तळाशी, काही मिलिमीटरचं असतं, आणि ते दोन स्लाइसच्या मधल्या फटीत सहज निसटतं. शिवाय अशा जाड स्लाइसवर दुसरा स्कॅन नीट बसत नाही, कारण तिसऱ्या दिशेला माहितीच अपुरी असते.

इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेच्या इमेजिंगवाल्या गटाने २०१९ मध्ये हार्नेस नावाचा प्रोटोकॉल मांडला. त्याचा गाभा तीन सिक्वेन्सचा आहे. सिक्वेन्स म्हणजे त्याच मशीनवर वेगळ्या सेटिंगने काढलेला चित्रांचा संच. तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठीवर हे लिहायला सांगा:

1. थ्रीडी टी-वन, तिन्ही दिशांना १ मिमी, मध्ये गॅप नाही. हाच खालचा नकाशा.
2. थ्रीडी फ्लेअर, तोही १ मिमी.
3. हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूत खोलवर असलेला आठवणींचा भाग) लांबीला काटकोनात घेतलेला पातळ कोरोनल टी-टू. कोरोनल म्हणजे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा उभा छेद.

आपल्याकडे टेपवर्मच्या अळीमुळे मेंदूत झालेल्या गाठी वाळून त्यांचा चुना होतो आणि त्या फिटचं कारण असतात हे प्रमाण बरंच आहे, म्हणून चुना दाखवणारा सिक्वेन्स, एसडब्ल्यूआय, सोबत असलेला बरा. जुना सीटी असेल तर तोही फेकू नका, चुना सीटीत छान दिसतो. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दरवेळी लागत नाही. मशीन ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मिळालं तर उत्तम, पण ३ टेस्लावर घाईत काढलेल्या जाड स्लाइसपेक्षा दीड टेस्लावरचा नीट प्रोटोकॉल मी कधीही घेईन.

चिठ्ठीवर "फिट, एमआरआय ब्रेन" एवढंच लिहू देऊ नका. "डाव्या टेम्पोरल भागाचा संशय, व्हिडिओ ईईजीत तसं दिसतंय" असं लिहिलं (टेम्पोरल म्हणजे कानशिलाच्या आतला भाग) की रेडिओलॉजिस्ट तिथे डोळे रोखून बघतो. ईईजी आधी करायचा तो यासाठीच.

जायच्या आधी मंगळसूत्र, जोडवी, नथ, हेअरपिन, पदराच्या सेफ्टी पिना, कमरेचा करदोटा चांदीचा असेल तर तो, सगळं घरीच काढून ठेवा. जरीची साडी नको, जरीत धातू असतो. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यातली जुनी क्लिप, किंवा फिटसाठीच बसवलेलं व्हेगस नर्व्हचं यंत्र असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, मशीनच्या दारात नाही.

थांबा: ईईजीचे नेहमीचे इलेक्ट्रोड डोक्यावर असताना एमआरआय करायचा नाही. तारा तापून कातडी भाजू शकते. एकही शिल्लक नाही ना, केसांत बोटं घालून बघा.

थांबा: फिटचा झुबका येऊन गेल्यावर एक-दोन दिवसांत एमआरआय काढला तर मेंदूला तात्पुरती सूज दिसू शकते आणि ती आजाराची जागा समजली जाते. शेवटची फिट कधी आली ते चिठ्ठीवर लिहा. दोन वर्षांखालच्या बाळांचं वेगळं, त्यांच्या मेंदूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण पूर्ण झालेलं नसतं, त्यामुळे तेव्हा नॉर्मल आलेला एमआरआय मोठं झाल्यावर परत काढावा लागतो, त्यात कुणाची फसवणूक नाही.

## टप्पा ४: डेटा हातात घ्या, फिल्म नाही

फिल्म म्हणजे फोटो. फोटोवर काही चढवता येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फिल्मचा फोटो तर त्याहून वाईट. लागतो तो डायकॉम डेटा, म्हणजे मशीनमधून निघालेल्या मूळ फाईली.

1. सेंटरवरच सांगा, "सगळे सिक्वेन्स डायकॉममध्ये द्या, फक्त निवडक इमेज नको."
2. घरी गेल्यावर सीडी लॅपटॉपवर उघडा. नवीन लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, तर पेनड्राइव्हवर मागा.
3. थ्रीडी टी-वनच्या सिरीजमध्ये किती इमेज आहेत ते मोजा. १६० ते १९० च्या आसपास असतील तर ठीक. वीस-पंचवीसच असतील तर तो थ्रीडी नाही, त्याच आठवड्यात सेंटरला फोन करा.
4. कॉपी दोन ठिकाणी ठेवा. फोल्डरला तारीख आणि टेस्टचं नाव द्या, "स्कॅन नवीन फायनल" असलं नाव नको.

सेंटरवाले जुना डेटा कायम ठेवत नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी मागायला गेलात तर "सिस्टीममधून गेला" असं ऐकायची तयारी ठेवा.

## टप्पा ५: पहिली मीटिंग, आणि इथे थांबताही येतं

व्हिडिओ ईईजी, एमआरआय आणि फिटचं वर्णन एकत्र ठेवून बघतात. समजा फिट डाव्या टेम्पोरलमधून सुरू होतायत, एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस आकसलेला आणि फ्लेअरवर उजळ दिसतोय, आणि वर्णनही त्याला धरूनच आहे. तर बऱ्याच वेळा पेट, स्पेक्ट काही लागत नाही. स्मरणशक्ती आणि भाषेची न्यूरोसायकॉलॉजीची टेस्ट होते आणि पुढचं बोलणं सुरू होतं.

घरच्यांची इथे उलटी चूक होते, "अजून एक टेस्ट करून खात्री करू." जिथे तिन्ही गोष्टी एकच बोट दाखवतायत तिथे चौथी टेस्ट नवीन काही सांगत नाही, फार तर गोंधळ वाढवते.

पुढे जायचं ते एमआरआय नॉर्मल असेल, किंवा ईईजी एकीकडे आणि एमआरआय दुसरीकडे दाखवत असेल, किंवा बिघाड बोलण्या-हलण्याच्या भागाला चिकटून असेल तर. खर्चाचं सरकारी योजनेत काय बसतं काय नाही ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) टेस्ट करायच्या आधी विचारा, नंतर बिल घेऊन नाही.

## टप्पा ६: पेट

चिठ्ठीवर "ब्रेन एफडीजी पेट" असं स्पष्ट हवं. एफडीजी म्हणजे इंजेक्शनने देतात ती किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर. कॅन्सरसाठी पूर्ण शरीराचा पेट करतात त्यात डोकं येतं खरं, पण मेंदूसाठी ते पुरत नाही.

- चार ते सहा तास पोट रिकामं. पाणी चालतं. फिटच्या गोळ्या पाण्याबरोबर वेळेवर घ्यायच्याच, उपाशी म्हणजे बिनगोळीचं नाही.
- डायबेटिस असेल तर आधी कळवा. साखर वाढलेली असेल तर मेंदू दिलेली एफडीजी नीट उचलत नाही आणि सगळा स्कॅन फिका येतो. कीटोजेनिक डाएट चालू असेल तर तेही सांगा.
- सलाईन लावायची वेळ आली तर त्यात डेक्स्ट्रोज नाही ना, हे विचारा.
- इंजेक्शननंतर साधारण अर्धा तास मंद उजेडात शांत पडून राहायचं. मोबाईल नाही, गप्पा नाहीत, गाणी नाहीत. या वेळात मेंदूचा जो भाग काम करेल तो साखर खाईल आणि चित्रात उठून दिसेल.
- लहान मुलाला झोपेचं औषध द्यायचं असेल तर शक्यतो या अर्ध्या तासानंतर.

थांबा: त्या अर्ध्या तासात फिट आली, अगदी नजर हरवल्यासारखी छोटी जरी, तरी लगेच सांगा. फिटच्या वेळी तो भाग साखर जास्त ओढतो, मग आजारी बाजू तेजस्वी दिसते आणि तिच्या तुलनेत निरोगी बाजू फिकी वाटते, आणि डावं-उजवं उलटं वाचलं जातं. चांगल्या सेंटरवर म्हणून इंजेक्शनच्या वेळी ईईजी चालू ठेवतात.

पेटमध्ये फिका दिसणारा भाग बहुतेक वेळा फिट सुरू होणाऱ्या जागेपेक्षा मोठा असतो. पेट बाजू आणि मोहल्ला सांगतो, घर नंबर नाही.

## टप्पा ७: फिटच्या वेळचा स्पेक्ट

हा सगळ्यात नाजूक. टेक्निशियम या किरणोत्सर्गी पदार्थाचं औषध इंजेक्शनने देतात, ते एक-दोन मिनिटांत मेंदूत जिथे रक्त जास्त तिथे जाऊन बसतं आणि तिथून हलत नाही. म्हणून फोटो नंतर काही तासांनी काढला तरी चालतो, चित्र इंजेक्शनच्या क्षणाचंच येतं. टेक्निशियमचं प्रमाण सहा तासांनी निम्मं होतं, तेवढी सवड असते.

सवड नसते ती इंजेक्शनला. फिट सुरू झाल्यापासून काही सेकंदांत, वीस-तीसच्या आत गेलं तर उत्तम. उशीर झाला तर फिट मेंदूत पसरलेली असते आणि चित्र पसरलेल्या जागेचं येतं. फिट संपल्यावर दिलं तर सुरुवातीच्या जागी उलट रक्त कमी झालेलं दिसतं.

त्यासाठी नर्स किंवा टेक्निशियन भरलेली सिरिंज घेऊन पलंगाशेजारी बसून राहतात. घरच्यांनी "आली आली" म्हणून बाहेर पळायचं नाही, बटण दाबायचं, आणि ज्या हाताला सुई आहे तो घट्ट धरून ठेवायचा नाही.

तपासा: फिट कधी सुरू झाली आणि इंजेक्शन कधी संपलं, दोन्ही वेळा सेकंदासकट रिपोर्टमध्ये लिहिलेल्या आहेत का? नसतील तर तो स्पेक्ट वाचणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

दुसरा स्पेक्ट लागतोच, किमान २४ तास फिट नसताना केलेला, त्याच कॅमेऱ्यावर, त्याच औषधाने. पहिल्यातून दुसरा वजा करून जो फरक उरतो तो एमआरआयवर चढवतात, त्याला सिस्कॉम म्हणतात. नुसता एक स्पेक्ट घेऊन येणारे बरेच असतात, त्याचा उपयोग अर्धाही नाही. आणि त्या दिवशी गरोदर बाई आणि लहान मुलं पेशंटपासून लांब ठेवा.

## टप्पा ८: फंक्शनल एमआरआय, डीटीआय, मेग

फंक्शनल एमआरआयमध्ये पेशंटला काही सेकंद काम, काही सेकंद आराम असं आलटून पालटून करायला लावतात. भाषेचं टास्क पेशंटच्या भाषेत हवं. इंग्रजी वाचता येतं म्हणून इंग्रजीच टास्क देतात आणि मग सातारच्या शेतकऱ्याच्या मेंदूत काहीच पेटत नाही, त्यात मेंदूचा काय दोष. मराठीत सोपं आहे, "चेंडू" ऐकलं की मनात "फेकणे", "पाणी" ऐकलं की "पिणे", किंवा "क"वरून जमतील तेवढे शब्द मनात म्हणायचे. घरात अहिराणी, मालवणी, कोकणी बोलत असाल तर सांगा. लिहिता-वाचता येत नसेल तर ऐकायची गोष्ट आणि चित्रं वापरता येतात.

स्कॅनच्या आधी बाहेर बसून टास्कचा सराव झालाच पाहिजे. तोंड न हलवता मनातल्या मनात बोलणं अनेकांना पहिल्यांदा जमत नाही, ते पुटपुटतात, डोकं हलतं, आणि सगळं वाया. झोपेचं औषध दिलं तर टास्क करणार कोण? तेव्हा ज्याला स्थिर पडणं आणि सांगितलेलं करणं दोन्ही जमतं त्याच्यासाठीच ही टेस्ट.

डीटीआय त्याच बैठकीत होतो, मेंदूतले तंतू कुठून जातात ते दाखवतो. टेम्पोरल भागाच्या ऑपरेशनमध्ये दृष्टीच्या तंतूंचा एक पुढे आलेला वळसा वाटेत येतो, तो दुखावला तर विरुद्ध बाजूचं वरच्या कोपऱ्यातलं दिसणं जातं, म्हणून तो आधी बघतात.

मेग म्हणजे मेंदूतल्या विजेमुळे तयार होणारं बारीक चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेरून टिपणारी टेस्ट. ती देशात मोजक्या ठिकाणी आहे, बंगळुरूच्या निम्हान्स या हॉस्पिटलमध्ये आहे. दातात धातू असेल तर एमआरआयचं चुंबक त्याला चुंबकत्व लावतं आणि मेगमध्ये गोंगाट येतो, म्हणून दोन्ही जवळजवळच्या तारखांना असतील तर मेग आधी आणि एमआरआय मागून.

## टप्पा ९: प्रत्यक्ष एकमेकांवर बसवणं

हा भाग रेसिडेंट आणि टेक्निशियन मुलामुलींसाठी. घरच्यांनी वाचला तर आपण डायकॉमसाठी एवढा हट्ट का धरला ते कळेल.

1. मूळ डायकॉम जशाच्या तशा बाजूला ठेवा, कॉपीवर काम करा. डीसीएमटूनिक्ससारख्या टूलने निफ्टीत बदला.
2. पेशंटचं नाव, जन्मतारीख, स्कॅनची तारीख प्रत्येक फाईलची जुळवा. हसण्यासारखं वाटेल, पण एकाच आडनावाचे दोन पेशंट एका दिवशी असतातच.
3. थ्रीडी टी-वन उघडा, ओरिजिन अँटिरिअर कमिशरवर ठेवा. पेट किंवा स्पेक्टचंही डोकं साधारण त्याच जागी, त्याच दिशेला आणा. दोन डोकी सुरुवातीलाच फार लांब किंवा वाकडी असतील तर प्रोग्राम चुकीच्या जागी अडकतो आणि "झालं" म्हणून सांगतो.
4. एसपीएममध्ये कोरजिस्टर निवडा. रेफरन्स म्हणजे जागचा न हलणारा, तो टी-वन. सोर्स म्हणजे हलणारा, तो पेट. नवीन मुलं हे दोन हमखास उलटे टाकतात, मग टी-वनच सरकतो आणि आधी बसवलेलं सगळं बिघडतं.
5. बदल फक्त रिजिड ठेवा, तीन सरकणं आणि तीन फिरणं, एकूण सहा आकडे. माणूस एकच, कवटी एकच, तेव्हा ताणायचं-दाबायचं काही कारण नाही. जुळवणीचं माप म्युच्युअल इन्फर्मेशन, कारण पेटमध्ये जे उजळ ते एमआरआयमध्ये उजळ असेलच असं नाही.
6. सिस्कॉम करताना आधी दोन स्पेक्ट एकमेकांवर, मग दोघांचे काउंट एका पातळीवर आणून वजाबाकी, मग थ्रेशोल्ड, साधारण दोन स्टँडर्ड डेव्हिएशन, आणि शेवटी एमआरआयवर.

तपासा: आकड्यावर विश्वास ठेवू नका, डोळ्याने बघा. क्रॉसहेअर मधल्या पडद्यावर, दोन्ही व्हेंट्रिकलच्या कडांवर, कपाळाच्या टोकाला आणि सेरेबेलमच्या खालच्या कडेला न्या. मधे जुळतंय पण टोकांना सरकलंय असं असेल तर फिरण्यात चूक आहे.

थांबा, डावं-उजवं: रेडिओलॉजीत पेशंटची उजवी बाजू स्क्रीनच्या डावीकडे असते, काही रिसर्च सॉफ्टवेअर उलटं दाखवतात. मेंदू दोन्ही बाजूंनी इतका सारखा की उलटा झाला तरी पटकन कळत नाही. एमआरआयच्या वेळी उजव्या कानशिलाशी व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटपट्टीने लावा, टी-वनवर ती पांढरा ठिपका होऊन दिसते. शेवटच्या चित्रापर्यंत तो ठिपका कुठल्या बाजूला आहे ते बघत राहा. या एका चुकीला माफी नाही.

रंगांचंही भान ठेवा. स्केल थोडी ओढली की नसलेला डाग तयार होतो आणि असलेला गायब होतो. आधी राखाडी चित्र बघा, मग रंग चढवा. फंक्शनल एमआरआयचा चट्टा थ्रेशोल्ड बदलला की लहान-मोठा होतो, म्हणून "बिघाडापासून चट्टा अमुक मिलिमीटर लांब, म्हणजे सुरक्षित" असं मोजून लिहू नका. सायनसच्या वर आणि कानाजवळच्या टेम्पोरल भागात सिग्नलच बुडतो, तिथे काही पेटलं नाही याचा अर्थ तिथे काम चालत नाही असा होत नाही. डीटीआयमध्ये सुजेजवळ तंतू दिसला नाही तर तेच.

## टप्पा १०: टेस्ट एकमेकींशी भांडतात तेव्हा

सगळं एका जागी आलं तर मीटिंग लवकर संपते. खरी कसोटी नाही जुळलं तर असते, आणि तेव्हा बहुमत मोजायचं नाही. तीन टेस्ट उजवीकडे, एक डावीकडे, म्हणून उजवीकडे, असं नसतं. कुठली टेस्ट कशी झाली ते बघायचं. स्पेक्टचं इंजेक्शन उशिरा गेलं होतं का, पेटच्या आदल्या रात्री फिट आल्या होत्या का?

एक नेहमीचं उदाहरण. एमआरआयचा रिपोर्ट नॉर्मल, ईईजी उजव्या फ्रंटलकडे (कपाळामागचा भाग) बोट दाखवतोय, पेटमध्ये त्याच बाजूला एका छोट्या जागी साखर कमी. आता पेट टी-वनवर चढवून त्या जागेचा एमआरआय पुन्हा बघायचा, तिन्ही दिशांनी, एकेक स्लाइस. कधीकधी तिथे एका सुरकुतीच्या तळाशी कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा करडा थर, किंचित जाड दिसतो, करड्या आणि पांढऱ्या भागातली रेघ पुसट झालेली असते, आणि फ्लेअरवर तिथून व्हेंट्रिकलकडे (मेंदूतली पाण्याची पोकळी) निमुळती होत गेलेली फिकट शेपटी दिसते. हाच फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया, म्हणजे मेंदूचा तेवढाच थर जन्मापासून नीट न घडलेला. स्कॅन तोच, फक्त आता कुठे बघायचं ते कळलेलं असतं. म्हणून नॉर्मल रिपोर्ट आलेला जुना एमआरआय, स्लाइस पातळ असतील तर, टाकून देऊ नका.

दुसरं उदाहरण उलटं. एमआरआयमध्ये चुना झालेली गाठ ठळक दिसतेय, सगळ्यांचं लक्ष तिच्यावर, पण फिट येतायत दुसरीकडून, आकसलेल्या हिप्पोकॅम्पसमधून. दिसणारी गोष्ट दोषी असेलच असं नाही.

इतकं करूनही जागा पक्की झाली नाही तर कवटीला बारीक छिद्रं पाडून आत इलेक्ट्रोड घालतात, एसईईजी. ते कुठून घालायचे हे याच एकत्र केलेल्या नकाशावरून ठरतं, आणि घातल्यावर सीटी काढून तो परत त्याच टी-वनवर बसवतात, म्हणजे कुठला कॉन्टॅक्ट नेमका कुठे पोचला ते कळतं. काही जणांच्या बाबतीत शेवटी उत्तर "ऑपरेशन नको" असंही येतं, कारण जागा दोन असतात किंवा ती बोलण्याच्या भागातच असते.

ऑपरेशन झालंच तर काही महिन्यांनी, सूज उतरल्यावर, तोच थ्रीडी टी-वन परत काढून घ्या, सगळं छान असलं तरी. नेमकं किती आणि कुठलं काढलं हे जुन्या टी-वनवर चढवूनच कळतं, आणि पुढे कधी फिट परत आल्या तर डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतील. तोही डायकॉममध्येच मागून घ्या.